दोनशे तास कोणत्या विमानावर? काटोलच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

काटोलकडची एक मुलगी. बी.एस्सी. झालेली, डीजीसीएचे (नागरी उड्डाणाचं सरकारी नियामक खातं) नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्सचे पेपर सुटलेले, वैमानिकाला लागणारं क्लास वन मेडिकल हातात. वडिलांची संत्र्याची बाग आणि कृषी केंद्र. बँकेचं कर्ज मंजुरीच्या टप्प्यावर होतं आणि उड्डाणशाळा ठरायची होती. माझ्याकडे ती ग्राउंडच्या विषयांसाठी येत होती, म्हणून वडील एक दिवस सोबत आले. त्यांचा प्रश्न साधा होता : "सर, विमान कोणतं चांगलं, तेवढं सांगा ना जी. मग शाळा आम्ही बघून घेतो."

बहुतेक पालक आधी फी विचारतात, मग नोकरीचं विचारतात. विमानाचं क्वचितच कोणी विचारतं. म्हणून हे प्रकरण मी सविस्तर मांडतो आहे. कमर्शियल पायलट लायसन्सचा (सीपीएल) खर्च आज पन्नास लाखांच्या घरात जातो, आणि त्यातला मोठा हिस्सा ज्या यंत्रावर खर्च होतो ते यंत्र न पाहताच घरंच्या घरं करारावर सही करतात.

मुलीचं ध्येय इतरांपेक्षा थोडं वेगळं होतं, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरलं. तिला सीपीएल हवं होतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवण्याची परवानगी) आणि मल्टी-इंजिनही (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाची परवानगी) हवं होतं. पण त्यानंतर लगेच एअरलाइनच्या रांगेत उभं न राहता तिला आधी सहायक उड्डाण प्रशिक्षक आणि मग प्रशिक्षक व्हायचं होतं. शिकवायची तिला मनापासून आवड आहे. माझ्या वर्गात मागे पडलेल्या दोघांना विंड ट्रँगल (वाऱ्यामुळे विमानाची दिशा-वेग कसे बदलतात याचं गणित) तिनेच समजावून दिला होता.

समोर तीन पर्याय होते. पहिला, नागपूर परिसरातली एक संस्था : बहुतेक सेसना १५२, जोडीला काचेच्या पडद्यांची (गोल घड्याळांऐवजी संगणकी पडदे असलेली) एक सेसना १७२. दुसरा, राज्याबाहेरची एक शाळा : सगळी डायमंड डीए-४०, डिझेल इंजिनं, गार्मिन जी-१००० पडदे. तिसरा, अमेरिका. वडिलांचा कल दुसऱ्याकडे होता. पडदे एअरबससारखे दिसतात, विमानं नवी आहेत आणि १५२ चं शेवटचं विमान १९८५ साली कारखान्यातून बाहेर पडलं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "चाळीस वर्षांच्या जुन्या गाडीत पोरीले कसं बसवू?" हा त्यांचा सवाल रास्तच होता.

तिसरा पर्याय आधी बाजूला पडला, त्याचं कारण थोडक्यात सांगतो. मुलीच्या एका नातेवाइकाने तिला सांगितलं होतं की कमर्शियल आणि प्रशिक्षकाच्या परीक्षेला 'कॉम्प्लेक्स' विमान लागतं, म्हणजे चाकं आत ओढली जाणारं, फ्लॅप्स असलेलं, पंख्याचा कोन बदलता येणारं. तसं विमान भारतात प्रशिक्षणाला सहसा मिळत नाही, म्हणून अमेरिकाच बरी, असं त्याचं म्हणणं होतं. हा नियम अमेरिकेचा होता आणि तोही आता राहिलेला नाही. एक-इंजिनी कमर्शियल आणि प्रशिक्षकाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला कॉम्प्लेक्स विमान आणण्याची अट एफएएने (अमेरिकेचं उड्डाण नियामक खातं) एप्रिल २०१८ मध्ये काढली, आणि त्याच वर्षी प्रशिक्षणाच्या तासांसाठी पडदे-ऑटोपायलटवालं 'टेक्निकली अ‍ॅडव्हान्स्ड' विमानही चालेल असं ठरवलं. जुना सल्ला मात्र अजून फिरतो आहे. सीपीएलसाठी डीजीसीए मागतं त्या दोनशे तासांच्या हिशोबात असं विमान लागत नाही. शिवाय तिकडचं प्रशिक्षकाचं सर्टिफिकेट दाखवून इथे थेट शिकवता येत नाही, डीजीसीएचं रेटिंग वेगळं काढावंच लागतं. जिला भारतातच शिकवायचं आहे, ती तिकडे जाऊन काय साधणार?

राहिले दोन. इथे मी बापलेकीला एक गोष्ट करायला लावली. विमानांची तुलना बाजूला ठेवून आधी तासांची यादी कागदावर उतरवायची. एकूण २०० तास. त्यात किमान १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. त्यातले किमान २० तास क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याचे, आणि त्यात ३०० नॉटिकल मैलांची एक फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. रात्रीचे ५ तास, दहा टेकऑफ आणि दहा लँडिंगसह. इन्स्ट्रुमेंटचे १० तास सीपीएलपुरते, पण रेटिंग काढायचं तर ४०, आणि क्रॉस-कंट्री ५०. आता यातला एकेक तास नागपूरच्या हवेत कोणत्या विमानावर कसा जाईल, हे बघायचं.

मे महिन्यातलं विमान

नागपूरचा सोनेगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १०३३ फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण हवेत तापमान १३ अंशांच्या आसपास धरतात. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे ४५ असतं. प्रमाणापेक्षा ३२ अंश जास्त, आणि दर अंशाला सुमारे १२० फूट. म्हणजे विमानाला वाटतं की आपण जवळजवळ ५००० फुटांवरून उडतो आहोत. ही झाली डेन्सिटी अल्टिट्यूड. पुस्तकात हा अर्ध्या पानाचा विषय आहे. नागपुरात, आणि त्याहून जास्त चंद्रपूरकडे, तो रोजचा विषय आहे.

टर्बोचार्जर नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. १५२ च्या ११० अश्वशक्तीतली पंधरा टक्के तिथेच गेली. पुस्तकी चढ (विमानाच्या माहितीपुस्तकातला वर चढण्याचा वेग) समुद्रसपाटीला मिनिटाला ७१५ फूट आहे, तो अशा दुपारी पाचशेच्या घरात येतो, आणि तोही नव्या इंजिनाचा.

वडील म्हणाले, मग १७२ घ्या, तिचं इंजिन १८० चं आहे. १७२-एसचा पुस्तकी चढ बघितला तर तो ७३० आहे, म्हणजे जवळपास तेवढाच! फरक कुठे आहे, ते वजनाच्या हिशोबात कळतं, आणि तो हिशोब मुलीने माझ्यासमोर केला. १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. रेडिओ वगैरे धरून रिकामी ५२० च्या आसपास. उरले २३७. ती ५४ किलोची, प्रशिक्षक ८२ चे, हेडसेट-पिशवी ५, भरलेली टाकी ६७. बेरीज २०८. बसतं, पण विमान कमाल वजनाच्या अगदी जवळ आहे. १७२-एसचं कमाल वजन ११५७, रिकामी ७६५ धरली, तेच दोघं, अर्धी टाकी : एकूण ९८० सुद्धा होत नाही. कमाल वजनापेक्षा पावणेदोनशे किलो हलकी. पुस्तकातला ७३० चा आकडा भरलेल्या विमानाचा आहे. दोन माणसांनी उडवताना १७२ तो आकडा ओलांडते, १५२ जेमतेम गाठते.

या हिशोबात आणखी एक गोष्ट आहे. दोघंही ८५ किलोचे असले तर १७० अधिक ५ अधिक ६७, म्हणजे २४२. पाच किलो जास्त. टाकी पूर्ण भरता येत नाही, म्हणजे उड्डाण आखडतं घ्यावं लागतं. आमची मुलगी हलकी आहे म्हणून सुटते. तिच्याच वर्गातल्या दोघा धिप्पाड मुलांना १५२ वर प्रशिक्षकासोबत पूर्ण टाकी भरून जाता येणार नाही. म्हणूनच 'चांगलं विमान कोणतं' याचं एकच उत्तर सगळ्यांना देता येत नाही. प्रत्येकाने आपल्या वजनाचा कागद स्वतः मांडावा.

डीए-४० ची बाजू इथे खरोखर वरचढ ठरते, आणि ते मी वडिलांना मोकळेपणाने सांगितलं. तिचं ऑस्ट्रो डिझेल इंजिन १६८ अश्वशक्तीचं, टर्बोचार्ज्ड आहे. उष्ण, विरळ हवेतही ते ताकद टिकवून ठेवतं (पंख आणि पंखा यांना विरळ हवेचा त्रास होतोच). शिवाय ते जेट ए-१ या जेटच्या इंधनावर चालतं, म्हणजे एअरलाइनची विमानं जिथे भरतात तिथे ते भरता येतं. १५२ आणि १७२ ला अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानांचं पेट्रोल, लागतं. सप्टेंबर २०२२ पर्यंत ते सगळं बाहेरून यायचं. तेव्हापासून इंडियन ऑइल गुजरातच्या रिफायनरीत ते बनवतं. तरी प्रत्येक विमानतळावर मिळेलच असं नाही. पण डीए-४० चा बुडबुड्यासारखा कॅनपी (डोक्यावरचं पारदर्शक झाकण) उन्हात तापतो आणि आतला माणूस भाजून निघतो. टॅक्सी करताना तो फटीएवढा उघडा ठेवतात, ते त्यासाठीच. तिचं अंग फायबरचं आहे, त्याला ५५ अंशांची मर्यादा असते. उन्हात तासन् तास उभ्या असलेल्या विमानाला शाळेत हँगर आहे की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा होतो.

गोंदिया, रायपूर आणि परत

३०० मैलांच्या फेरीसाठी नागपूरहून एक सोयीचा त्रिकोण आहे : नागपूर–गोंदिया–रायपूर–नागपूर. नकाशावर मोजलं तर ३०८ च्या आसपास भरतो, गोंदियाला आणि रायपूरला पूर्ण थांबा. मुलीला म्हटलं, १५२ ने जाऊन ये, कागदावर.

वापरता येणारं इंधन ९३ लिटर. तासाला २२-२३ लिटर. साधारण चार तास. त्यातली पाऊण तासाची राखीव काढली की सव्वातीन उरले. वेग ९२ नॉट धरला तर नुसतं अंतर कापायलाच तीन तास वीस मिनिटं, वर तीन टेकऑफ, तीनदा चढ, तीनदा टॅक्सी. बसत नाही. म्हणजे वाटेत इंधन हवं, म्हणजे रायपूरला किंवा गोंदियाला त्या दिवशी अ‍ॅव्हगॅस आहे का हे आधी फोनवर विचारायला हवं. १७२-एस २०० लिटर घेऊन निघते, तासाला ३५ च्या आसपास पिते आणि त्रिकोण पुरा करून घरी येते.

शाळेची माहितीपत्रिका हे कधी सांगत नाही. तिच्यात 'फ्लीट' असं लिहिलेलं असतं आणि फोटो असतात. विद्यार्थ्याने विचारायचं ते असं : तुमच्याकडची लांब फेरी कोणत्या विमानावर होते, इंधन कुठे भरता, आणि ते विमान एकच असेल तर रांगेत किती जण आहेत? आमच्या पहिल्या पर्यायात १७२ एकच होती. ही त्याची खरी कमजोरी.

ज्याला शिकवायचं आहे त्याचं विमान

आता मूळ मुद्दा. फक्त सीपीएल काढून एअरलाइनमध्ये जायचं असतं तर मी वडिलांशी फार वाद घातला नसता. डीए-४० सुरक्षित, सालस विमान आहे. गोंदियाच्या बिरसीवर वर्षानुवर्षं त्यावर मुलं घडली आहेत. एअरलाइनवाले एक-इंजिनी तास कोणत्या विमानाचे, यापेक्षा इन्स्ट्रुमेंट रेटिंग, मल्टी आणि परीक्षेतली कामगिरी बघतात. पण प्रशिक्षक व्हायचं असेल तर चित्र बदलतं.

डीए-४० मध्ये मुद्दाम स्पिन करायला मनाई आहे. (वेग फार कमी होऊन पंखांची उचल तुटते तो स्टॉल; त्यातून विमान गोल फिरत खाली पडतं तो स्पिन.) १५२ ला स्पिनची परवानगी आहे. १७२ ला युटिलिटी मर्यादेत, मागची सीट रिकामी ठेवून आणि वजन कमी ठेवून, आहे. पण १७२ स्पिनमध्ये नीट जातच नाही. एखादी फेरी घेते आणि आपणहून स्पायरलमध्ये, म्हणजे वेग वाढत जाणाऱ्या उतरत्या वळणात, सुटते. विद्यार्थ्याने बेस टू फायनलच्या (उतरण्याआधीच्या शेवटच्या) वळणावर, वेग कमी, रडर (शेपटीचं सुकाणू, पायांनी चालवायचं) जास्त, असं काही केलं, तर शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाच्या पायांना ते डोक्याच्या आधी कळलं पाहिजे. ते कळायला स्वतः अनेकदा स्पिनमध्ये जाऊन बाहेर यावं लागतं. अमेरिकेत प्रशिक्षकाच्या पहिल्या रेटिंगला स्पिन प्रशिक्षणाची नोंद सक्तीची आहे. माझ्या मते ज्याने स्पिन फक्त व्हिडिओत पाहिला आहे, त्याने दुसऱ्याच्या लेकराला स्टॉल शिकवायला बसू नये.

दुसरं, ते डिझेल इंजिन संगणक चालवतो. एकच लिव्हर. मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण बदलणारा नॉब) नाही, कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारा नॉब) नाही. उडवायला सोपं, आणि त्यात वाईट काही नाही. पण पुढे जिथे ती प्रशिक्षक म्हणून लागेल, तिथे १५२ असण्याची शक्यता मोठी आहे. जुलैमध्ये पाऊस थांबून पंचवीस अंशांची दमट हवा असते, इंजिन कमी ताकदीवर खाली येत असतं, आणि कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो. आरपीएम हळूहळू गळतात. कार्ब हीट ओढल्यावर ते आधी आणखी पडतात, इंजिन खडखडतं, आणि मग सावरतं. त्या खडखडाटाला घाबरून नवा विद्यार्थी नॉब परत आत ढकलतो. प्रशिक्षकाने त्या क्षणी त्याचा हात धरायला हवा. हे ज्याने अनुभवलं नाही, तो शिकवेल कसं?

१७२-एस ला कार्बोरेटर नाही, तिला हा त्रास नाही. तिचा त्रास दुपारी सुरू होतो. मुलगी आणि वडील तळावर आले होते त्या दिवशी त्यांनी तो पाहिला. विमान नुकतंच उतरलेलं, इंधन भरून वीस मिनिटं उन्हात उभं. परत सुरू करायला गेले तर पंखा फिरतो, इंजिन धरत नाही. इंजिनाच्या डोक्यावरून जाणाऱ्या बारीक नळ्यांत इंधन उकळून वाफ झालेली असते. घाईने पंप चालवून आणखी इंधन ढकललं की इंजिन फ्लड होतं, आणि बॅटरी बसते. त्या दिवशीच्या प्रशिक्षकाने थांबून मिक्श्चर पूर्ण मागे घेतलं, थ्रॉटल अर्ध्यावर पुढे ठेवलं, स्टार्टर फिरवला, आणि धरल्या क्षणी एका हाताने मिक्श्चर पुढे, दुसऱ्याने थ्रॉटल मागे. मुलगी काचेला नाक लावून बघत होती. हे हातांचं काम तिने पुन्हा पुन्हा करून दाखवायला मागितलं.

प्रशिक्षक उजवीकडे बसतो, हेही लक्षात घ्या. दोनशे तास डाव्या सीटवर काढलेल्या माणसाला उजवीकडून सगळं उलटं वाटतं. गोल घड्याळांच्या १५२ मध्ये वेगाचा काटा तिरका दिसतो, बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी गोटी) मध्यभागी आहे की नाही हे कळत नाही, आणि दोघांचे खांदे एकमेकांना लागलेले असतात. त्याच अवस्थेत तोंडाने पॅटर चालू ठेवायचा, म्हणजे हात करतात ते त्याच क्षणी सोप्या शब्दांत बोलायचं. पॅटरची तालीम १७२ मध्ये एका कारणाने जास्त चांगली होते. मागच्या सीटवर दुसरा प्रशिक्षणार्थी बसून ऐकू शकतो. दुसऱ्याच्या चुका मागे बसून ऐकणं हे मोठं शिक्षण आहे. पण मागे माणूस असताना स्पिन नाही. म्हणजे प्रशिक्षकाच्या तयारीला दोन्ही विमानं लागतात.

जुनेपणाचा प्रश्न

वडिलांची शंका मात्र अजून तशीच होती : चाळीस वर्षांचं विमान. याला माझं उत्तर असं की विमानाचं वय त्याच्या कागदांत बघायचं. इंजिन त्या वयाचं नसतंच, १५२ च्या लायकमिंग इंजिनाचा ओव्हरहॉल सामान्यतः २४०० तासांवर येतो. सांगाडा मात्र जुना असतो, आणि गंज, भेगा शोधण्यासाठी सेसनाने जास्तीच्या तपासण्यांची यादी दिलेली आहे, तिला एसआयडी म्हणतात. त्या कधी झाल्या, हे विचारा. पिस्टन विमानांवर सही करणारा बी १.२ लायसन्सचा इंजिनिअर संस्थेच्या पगारावर आहे की बाहेरून बोलावतात, हे विचारा. नागपूरच्या मिहान प्रकल्पात मोठमोठी जेट विमानं दुरुस्त होतात, पण जेटचा इंजिनिअर लायकमिंगवर सही करू शकत नाही.

आणि एक गोष्ट कोणीही करू शकेल अशी : सीटवर बसा, ती लॉक करा, आणि पाय रोवून मागे जोर द्या. सेसनाच्या सीटच्या रुळांची भोकं झिजतात आणि टेकऑफला नाक वर उचलताना सीट मागे घसरते. हात योकला (विमानाच्या स्टिअरिंगला) धरलेले असले तर नाक आणखी वर जातं. यासाठी अमेरिकेत खास तपासणीचा आदेश आहे. मुलीने त्या संस्थेच्या तीन १५२ मध्ये असं बसून पाहिलं. एकीची पिन पूर्ण बसत नव्हती. तिने ते सांगितल्यावर तिथल्या इंजिनिअरने विमान लगेच बाजूला घेतलं आणि दुपारपर्यंत रूळ बदलायला काढला. वडिलांचं मन खऱ्या अर्थाने तिथे वळलं. विमान जुनं होतं, पण विद्यार्थिनीचं ऐकून ते थांबवणारा माणूस तिथे होता.

ठरलं ते असं

पहिले साठ-सत्तर तास, सोलोसह (एकटीने उडवण्यासह), १५२ वर. स्टॉल, स्पिन, सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या), फोर्स्ड लँडिंग (इंजिन बंद पडल्यावरच्या उतरण्याचा सराव) तिथेच. हलकी असल्याचा फायदा तिला इथे मिळतो, तासाचा दरही कमी. लांब क्रॉस-कंट्री, रात्रीचे तास आणि इन्स्ट्रुमेंटचा बराचसा भाग १७२ वर. रात्रीच्या उड्डाणाला सोनेगाव उत्तम जागा आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री इथेच एकत्र यायची. धावपट्टी ३२०० मीटरची, तिची लांबी मात्र विद्यार्थ्याला सैल सोडते. म्हणून अमरावतीच्या बेलोऱ्यासारख्या १८५० मीटरच्या धावपट्टीवरही लँडिंगं करून घ्यावीत, असं मी लिहून दिलं.

उन्हाळ्यात उड्डाणं पहाटे सहा ते दहा. बाकी दिवस ब्रीफिंग आणि सिम्युलेटर. त्यामुळे दोनशे तासांना माहितीपत्रिकेत दिलेल्यापेक्षा जास्त महिने लागतील, आणि कर्जाचा हप्ता त्या हिशोबाने मागा, हे वडिलांनी बँकेत जाऊन सांगितलं. करारात त्यांनी एक ओळ घालून घेतली : एकुलती १७२ सलग बंद राहिली तर क्रॉस-कंट्रीचे तास दुसऱ्या तळावर त्याच दराने द्यायचे. संस्थेने आधी आढेवेढे घेतले, मग मान्य केलं.

सीपीएलनंतर सहायक प्रशिक्षकाची तयारी दोन्ही विमानांवर, स्पिन १५२ वर, पॅटर दोन्हींवर. बरेच जण सीपीएल हातात आल्यावर लगेच तास वाढवायच्या मागे लागतात. तिला मी सांगितलं की मधल्या काळात उजव्या सीटवरून नुसती लँडिंगं करत राहा, तोंडाने बोलत.

मल्टी-इंजिनचं अजून ठरलेलं नाही. तिच्यापुढे डिझेलची डीए-४२ आणि दोन रोटॅक्स इंजिनांची टेकनाम पी-२००६टी असे दोन मार्ग आहेत. दोन्ही ठिकाणी तिने एकच प्रश्न लिहून पाठवला आहे : नागपूरच्या मे महिन्यात, ५००० फुटांच्या डेन्सिटी अल्टिट्यूडवर, एक इंजिन बंद असताना तुमचं विमान मिनिटाला किती फूट चढतं, आणि तो आकडा पुस्तकातल्या कोणत्या पानावर आहे? एका शाळेकडून पान क्रमांकासह उत्तर आलं आहे. दुसऱ्या शाळेचं उत्तर यायचं आहे.